रब्बी ज्वारी: बियाणं ठरवण्याआधी रानात खड्डा घ्या

शिवारफेरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पोळा झाला की दरवर्षी एकच प्रश्न सुरू होतो: "यंदा ज्वारीचं बियाणं कोणतं घ्यावं?" त्याखाली वीस-पंचवीस वाणांची नावं पडतात. "आम्ही अमुक पेरलं, लई भारी आलं," असं कुणी सांगतं, आणि तेच बी दुसरा आपल्या मुरमाड रानात नेऊन टाकतो. तुमचं रान किती खोल आहे आणि पेरताना त्यात किती ओल आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते कोरडवाहू रब्बीत हे दोन प्रश्न पहिले. वाण, बियाण्याचं प्रमाण, खत, कोळपणी (ओळींमधली माती हलवून तण काढणं) या सगळ्यांची उत्तरं त्यातूनच निघतात. म्हणून हा धागा.

खरिपाचं पीक पडत्या पावसावर वाढतं. सोलापूर, मंगळवेढा, माण, जत, आष्टी, करमाळा या पट्ट्यातली रब्बी ज्वारी मात्र आधीच पडून गेलेल्या पावसावर जगते. उत्तरा-हस्त नक्षत्रांत पेरायचं आणि पुढे संक्रांतीपर्यंत आणि नंतरही, जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या पाण्यावर कणीस भरायचं. एखादी चित्रा-स्वातीची सर मिळाली तर ती वरकमाई. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" हे जुन्या लोकांनी अनुभवावरूनच म्हटलंय.

आता हिशेब. काळ्या मातीला भरपूर पाणी मिळालं आणि जादा पाणी निथळून गेलं की तिच्यात वजनाच्या साधारण 35 टक्के ओल राहते. त्यातलं सगळं पाणी पिकाला मिळत नाही. ओल 20 टक्क्यांच्या आसपास आली की चिकणमाती पाणी इतकं घट्ट धरते की मुळांना ते ओढून घेता येत नाही आणि पीक कायमचं सुकतं. म्हणजे उपयोगाची ओल सुमारे 15 टक्के. मातीची घनता 1.2 धरली आणि रान 90 सेंमी खोल असलं, तर 0.15 × 1.2 × 900 = 162 मिमी पाणी. ही तुमची शिल्लक. 30 सेंमीखाली मुरूम लागणाऱ्या रानात माती ओलही कमी धरते, म्हणून हीच शिल्लक जेमतेम 30-40 मिमी असते.

भर वाढीत ज्वारी दिवसाला 3 ते 4 मिमी पाणी पिते. म्हणजे हलक्या रानातली ओल त्या वेळी दहा-बारा दिवसांची आणि भारी रानातली चाळीस-पन्नास दिवसांची. या दोन रानांत एकच वाण, एकच अंतर आणि एकच खत कसं चालेल?

म्हणून विनंती: रानात दोन-तीन ठिकाणी, वरच्या अंगाला, मध्ये आणि ताली-बांधाजवळ, मुरूम किंवा चुनखडीचा थर लागेपर्यंत खड्डा घ्या. खोली टेपने मोजा आणि इथे लिहा. मग वाणाचं बोलू.

---

माणगंगाकाठ

चांगला विषय काढलात. आमच्याकडं एकाच गटात वरचं एकरभर बरड, मधलं मध्यम आणि ओढ्याकडचं काळंभोर. आजवर सगळीकडं मालदांडीच पेरली जाते. वरच्या तुकड्यात कणसं निसवतात (बाहेर पडतात), पण दाणा भरत नाही, कडबा तेवढा मिळतो. यावर काय करावं?

---

शिवारफेरी

दादा, वरच्या तुकड्यात दाणा का भरत नाही ते आधी बघू, म्हणजे उपाय आपोआप कळेल.

मालदांडी 35-1 हा मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला वाण. इतकी दशकं लोटली तरी भाकरी आणि कडबा या दोन गोष्टींवर तो टिकून आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याला पिकायला चार महिने लागतात. ज्वारी 70-75 दिवसांनी फुलोऱ्यात येते आणि दाणा भरायला त्यापुढे महिना-सव्वा महिना जातो. 30 सेंमीच्या रानातली ओल तोवर संपलेली असते. झाडाने पानं-ताट वाढवण्यात सगळं पाणी खर्च केलं, म्हणून कडबा मिळाला आणि दाणा राहिला.

वरच्या तुकड्याला लवकर पिकणारा वाण हवा. राहुरी विद्यापीठाचा फुले अनुराधा हलक्या जमिनीसाठीच आहे, 105 ते 110 दिवसांत येतो. ओल संपायच्या आत तो दाण्यात आलेला असतो. मधल्या तुकड्यात, साधारण 60 सेंमीपर्यंत, फुले सुचित्रा किंवा तुमची मालदांडी चालेल. परभणी मोतीही या पट्ट्यात लोक घेतात. ओढ्याकडचं रान 60 सेंमीच्या वर खोल असेल तर फुले वसुधा किंवा फुले यशोदा. तिथे जास्त दिवसांचा वाण घेतला तरच खालची ओल वापरात येते. खोल रानात कमी दिवसांचा वाण पेरला तर काढणीनंतरही खाली पाणी शिल्लक राहतं, तेही नुकसानच.

---

पुणेकर_गावाकडचा

मी नोकरीमुळे पुण्यात असतो, शेती वाट्याने दिली आहे. एक मूलभूत शंका. मालदांडी इतकी चांगली आहे तर ती जूनमध्येच का पेरत नाहीत? पाऊस असतो, पाणीही भरपूर.

---

मातीपरीक्षक

याचं उत्तर दिवसाच्या लांबीत आहे. ज्वारी हे लहान दिवसांचं पीक आहे, म्हणजे दिवस लहान होऊ लागले की निसवणारं, आणि रब्बीचे गावरान वाण त्याबाबत फार संवेदनशील असतात. जूनमध्ये पेरले तर दिवस मोठे असल्याने झाड नुसतं उंच वाढत राहतं, निसवायला उशीर लागतो. शिवाय आपल्याकडे सोलापूर भागात सप्टेंबर हा सर्वात पावसाचा महिना. त्या पावसात कणीस सापडलं तर दाण्यावर बुरशी येते, तो काळा पडतो. खरिपाचे संकरित वाण दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करत नाहीत, पण त्यांच्या दाण्यालाही पाऊस लागला की हाच त्रास. रब्बीचा दाणा कोरड्या हवेत, थंडीत पिकतो, म्हणून तो मोत्यासारखा पांढरा आणि भाकरीला गोड.

---

वऱ्हाडी_पऱ्हाटी

भाऊ, सगळं मान्य. पण रब्बीत ज्वारीच कायले? हरभरा पेरा ना. पाणी कमी लागते, नत्र स्वतःच गोळा करते, भाव बरा. आमच्याकडे रब्बी ज्वारी पाहाले भेटत नाही आता.

---

सुगी

ज्वारी कमी होण्याचं खरं कारण मी सांगते. काढणी. हरभरा हार्वेस्टरने निघतो. ज्वारी आमच्याकडे बायामाणसं वाकून मुळासकट उपटतात, पेंढ्या बांधतात, मग कणसं मोडायची, खळ्यावर आणायची, मळणी यंत्राला लावायची. तळहात सोलून निघतात. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. वाणावर चर्चा करताना कृपया हेही धरा. उंच, जाड ताटाची ज्वारी कडब्याला चांगली वाटते, पण ती भेगाळलेल्या वाळल्या रानातून उपटणाऱ्याला विचारा.

---

शिवारफेरी

ताई, तुमचा मुद्दा या धाग्यात सर्वात महत्त्वाचा आहे. ज्वारीच्या संशोधनात दाणा, कडबा, रोग या सगळ्यांवर काम झालं, पण उपटणाऱ्या हातांसाठी फार कमी झालं. विळ्याने कापणी केली तर त्रास कमी होतो, पण बुडखा रानात राहतो म्हणून लोक टाळतात. खरं तर बुडखा राहिला तर सेंद्रिय पदार्थ जमिनीतच राहतो, ते वाईट नाही. कडब्याची काही इंच उंची जाते, इतकंच. मला विचाराल तर कापणीच करावी.

वऱ्हाडी भाऊ, हरभऱ्याला माझा विरोध नाही. एका वर्षी ज्वारी, एका वर्षी हरभरा हा फेर उत्तमच. पण ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्याला एप्रिल-मेमध्ये कडबा लागतो, आणि हरभऱ्याच्या भुसकटावर दुभतं जनावर निभत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते तिथल्या खोल काळ्या रानाच्या जोरावर. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं खुली केली ती याच गावात, म्हणजे हा मुलूख धान्याचं कोठार म्हणून जुनाच. अशा रानातून ज्वारी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

---

कोरडवाहू

बी किती टाकावं? आमच्याकडे एकरी सहा-सात किलो टाकतात. "दाट पेरलं तर तण दबतं आणि कडबा बारीक होतो, जनावर आवडीने खातं," असं म्हणतात.

---

शिवारफेरी

शिफारस हेक्टरी 10 किलो, म्हणजे एकरी 4 किलो. दोन ओळींत 45 सेंमी, दोन ताटांत 15 सेंमी. या अंतराने हेक्टरी सुमारे 1 लाख 48 हजार ताटं बसतात.

दाट पेरणीने कडबा बारीक होतो हे खरं आहे. पण पाण्याचं काय होतं ते बघा. पानं जितकी जास्त, तितकं पाणी हवेत जास्त उडतं. दाट पीक पहिल्या दोन महिन्यांत हिरवंगार दिसतं, बांधावरून बघणारा खूश होतो. तोवर खालची ओल संपलेली असते. फुलोऱ्याआधी प्यायलेल्या पाण्याने कडबा होतो, फुलोऱ्यानंतर मिळालेल्या पाण्याने दाणा होतो. कोरडवाहू शेतीतलं सारं कसब आधीचा खर्च आवरून नंतरसाठी पाणी राखण्यात आहे. विरळ पेरणी, लवकरची विरळणी (जादा रोपं उपटणं), तणाचा बंदोबस्त, भेगा बुजवणं हे सगळं त्यासाठीच.

हे काही नवीन नाही. 1923 मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले, 1933 पासून सोलापूरला. कृषिशास्त्रज्ञ एन. व्ही. कानिटकरांनी तिथे जे काम केलं त्यातून मुंबई कोरडवाहू पद्धत पुढे आली: बांधबंदिस्ती, खोल नांगरट (दरवर्षी नव्हे, काही वर्षांतून एकदा), शेणखत, कमी बियाणं, रुंद ओळी आणि वारंवार कोळपणी. आज खत-औषधं बदलली, वाण बदलले. पाण्याचा हिशेब तोच आहे.

विरळणी मात्र टाळू नका. उगवल्यावर दहा-बारा दिवसांनी पहिली करा. खोडमाशीने (हिची अळी कोवळं खोड पोखरते) पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा, मेलेली रोपं त्यातच उपटून रानाबाहेर न्या.

---

माणगंगाकाठ

खोडमाशीसाठी बियाण्याला औषध लावून घेतो आम्ही. गंधक पण लावावं का?

---

मातीपरीक्षक

हो, 300 मेश गंधक किलोला 4 ग्रॅम. ते काणी या कणसावरच्या बुरशीरोगासाठी, खोडमाशीसाठी नाही. खोडमाशीची बीजप्रक्रिया वेगळी, तिचं औषध आणि प्रमाण पुडक्यावरच्या सूचनेप्रमाणेच घ्या. जिवाणू खत (अ‍ॅझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे) लावायचं असेल तर सर्वात शेवटी, सावलीत, आणि लगेच पेरा.

---

तिफण

खताबद्दल कुणीतरी स्पष्ट लिहा. दुकानदार म्हणतो पेरताना डीएपी आणि महिन्याने युरिया फेका. कोरड्या रानात युरिया फेकून होतं तरी काय?

---

मातीपरीक्षक

फारसं काही होत नाही, आणि जे होतं ते नुकसानीचं. मुळं अन्न घेतात ते पाण्यात विरघळलेलं. ऑक्टोबरअखेर वरची चार-पाच इंच माती कोरडी ठणठणीत झालेली असते, चालती मुळं त्याखाली असतात. वर पडलेला युरिया तिथवर जायला पाऊस लागतो. आपल्या मातीत चुनखडी जास्त, सामू (pH) 8 च्या आसपास. अशा मातीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो.

म्हणून कोरडवाहू ज्वारीला सगळं खत पेरतानाच, दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने), बियाण्याच्या खाली आणि ओलीत पडलं पाहिजे. स्फुरदाच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं. स्फुरद जमिनीत जागचा हलत नाही, मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं.

मात्रा पुन्हा खोलीवर ठरते. हलक्या रानाला हेक्टरी 25 किलो नत्र. मध्यमला 40 नत्र, 20 स्फुरद. भारीला 60 नत्र, 30 स्फुरद. मध्यम रानाचं एकरी गणित: सुमारे 35 किलो युरिया आणि 50 किलोची सिंगल सुपर फॉस्फेटची एक गोणी. माती तपासलेली असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

कार्ल श्प्रेंगेल आणि पुढे लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात सांगितलेला नियम इथे लागू पडतो: जे सर्वात कमी आहे, त्यावर उत्पादन अडतं. आपल्या पट्ट्यात बहुतेक वर्षी कमी पडतं ते पाणी. पाणी नसताना नत्र वाढवलं तर फक्त पानं वाढतात आणि शिल्लक ओल लवकर संपते.

---

शिवारफेरी

याला जोडून खडखड्या रोगाचं सांगतो, कारण दरवर्षी जानेवारीत त्याचे फोटो येतात. दाणे भरताना जमिनीत पाणी नसलं की झाड ताटात साठवलेलं अन्न कणसाकडे ओढतं. बुडखा अशक्त होतो, मातीतली बुरशी मुळातून शिरते, ताट आतून पोकळ होतं आणि वाऱ्याने पीक लोळतं. दाट पेरणी, नत्र जास्त आणि शेवटी पाण्याचा ताण हे तिन्ही एकत्र आले की हा रोग हमखास. तेव्हा फवारणी करून उपयोग नसतो. त्याचा बंदोबस्त पेरणीच्या दिवशीच करावा लागतो.

---

पुणेकर_गावाकडचा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत रान मोकळंच ठेवायचं का? चार महिने काहीच न घेणं पटत नाही.

---

शिवारफेरी

मोकळं ठेवलं तरी रिकामं बसायचं नाही. हेच तर ओल साठवायचे दिवस.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते, तेव्हा पहिला पाऊस भेगांतून थेट खाली जातो. पण माती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी मुरायचा वेग एकदम घटतो. त्यानंतरचा जोराचा पाऊस माती घेऊन ओढ्याला जातो. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला रानात 10 × 10 मीटरचे वाफे पाडावेत. सारा यंत्राने किंवा ट्रॅक्टरच्या अवजाराने बांध घातले की पाऊस पडेल तिथेच अडतो, मुरायला वेळ मिळतो. तण उगवलं की वाफशावर (माती ना चिखल, ना कोरडी असताना) कुळवाची पाळी द्यावी, नाहीतर साठवलेलं पाणी तणच पितं. पेरणी आडवी, उताराच्या विरुद्ध.

खोल रान असेल आणि मृगात पाऊस चांगला झाला तर मूग किंवा उडीद जरूर घ्यावा. मूग 65-70 दिवसांत निघतो, पेरणी वेळेत झाली असेल तर सप्टेंबरच्या पावसाला रान मोकळं होतं, आणि मुळांवरच्या गाठींतलं नत्र ज्वारीला थोडंफार मिळतं. जुलै उजाडूनही पेरणी झाली नसेल तर त्या वर्षी हा विचार सोडून द्या. हलक्या रानात तर अजिबात नको.

---

कोरडवाहू

कोळपणीचं लिहा. "एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" म्हणतात.

---

शिवारफेरी

बरोबर म्हणतात. पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीच्या कोळप्याने पहिली, पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने दुसरी. पहिल्या दोन मुख्यतः तणासाठी. आठव्या आठवड्यातली तिसरी लोक सोडून देतात, आणि ती सर्वात मोलाची. तोवर रान भेगाळायला लागतं. भेग म्हणजे खालच्या थरातली ओल वाऱ्याला खुली करणारं दार. दातेरी कोळप्याने भेगा मातीने बुजतात आणि वर भुसभुशीत थर तयार होतो. त्या थरातून ओल सहजासहजी वर चढत नाही.

---

तिफण

शेततळं आहे, 30 × 30 × 3 मीटर. एक पाणी द्यायचं झालं तर कधी?

---

शिवारफेरी

पूर्ण भरलेल्या अशा तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी बसतं. 60 मिमीचं एक पाणी म्हणजे एकराला सुमारे 2 लाख 43 हजार लिटर. कागदावर नऊ एकर भिजतात. बाष्पीभवन आणि पाटातली गळती धरली तर पाच-सहा एकर समजा. तुषार असेल तर थोडं जास्त.

एकच पाणी असेल तर 50-55 दिवसांनी, पीक पोटरीत (कणीस अजून पानाच्या आवरणात) असताना द्या. दोन असतील तर पहिलं 28-30 दिवसांनी, कारण कणसात किती दाणे धरणार हे तेव्हा ठरू लागतं, आणि दुसरं पोटरीत. हलक्या रानाला आधी, भारी रानाला मागून. आणि भेगा रुंद व्हायची वाट बघू नका. मोठ्या भेगा पडल्यावर पाणी सोडलं तर ते भेगांतून थेट खाली जातं, एका वाफ्यालाच तासन्‌तास लागतात आणि तळं अर्ध्या रानात संपतं.

---

माणगंगाकाठ

आज खड्डे घेतले. वरचं रान 28 सेंमीवर मुरूम, मधलं 55, ओढ्याकडं 110 सेंमी गेलो तरी काळीच. मधल्या खड्ड्यात 40 सेंमीच्या खाली माती कोरडी निघाली. पाऊस तर चांगला झाला होता.

---

शिवारफेरी

दादा, नेमकी हीच माहिती हवी होती. मधल्या रानात वरून भिजलेलं दिसतं, पण पाणी खाली पोचलेलं नाही, उतारामुळे वाहून गेलं असणार. तिथे सध्या 55 नाही, 40 सेंमीचं रान धरून चाला. हस्ताचा पाऊस होऊन खालपर्यंत ओल गेली तर सुचित्रा, नाही गेली तर तिथेही अनुराधाच. पेरणीच्या आदल्या दिवशी त्याच खड्ड्याशेजारी पुन्हा उकरून बघा. माती मुठीत दाबून गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर चपटा होऊन तडकला नाही, तर ओल पुरेशी. पुढच्या मे-जूनमध्ये आधी या मधल्या तुकड्यात वाफे पाडा. ओढ्याकडचं रान वसुधाला द्या, आणि तिथे घाई नको, भारी रानाला वाफसा उशिरा येतो. वरचं रान सर्वात आधी पेरा, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, कारण तिथली ओल रोज कमी होत असते.